उंबऱ्याचा दगड

“आक्का, माझी खोली कुठं गेली?”

धाकट्याचा आवाज परसातून आला आणि चुलीपुढं बसलेल्या आक्काचा हात जागच्या जागी थांबला... खोली अजून बांधलेलीच नव्हती. परसात रचलेल्या दगडांच्या ढिगालाच दोघं बहीणभाऊ कौतुकानं ‘धाकट्याची खोली’ म्हणत. आईवडिलांमागं आक्कानं त्याला पोटच्या लेकरासारखं वाढवलं होतं, आणि त्याच्या संसारासाठी एकेक दगड डोक्यावर वाहून तो ढीग उभा केला होता. आज धरणावर कालव्याचं दार सांभाळायचं काम शिकून तो हसत घरी आला, तर परसात उरला होता फक्त उंबऱ्यासाठी घडवून घेतलेला एक सपाट दगड!

“वरच्या शेतातल्या घळीत घातले,” ती हळूच म्हणाली. “बांधाला कमी पडत होते.”

“महिन्यावर लग्न आलंय माझं, आणि तू माझी खोली घळीला दिलीस? घळ काय तुझा सख्खा भाऊ लागते?”

आक्का काय सांगणार! धरणाची माणसं टेकडी बघून गेली होती. दर पावसाळ्यात या घळीतून माती वाहते, धरणाचं पोट गाळानं भरतं, असंच चाललं तर कालव्यात सोडायला पाणी उरणार नाही, असं म्हणाली होती. ती माती अडवायला तिनं घळीत बांध घालायला घेतला, पण माळावरचे दगड अर्ध्यातच संपले, आणि अर्धा बांध तर एका लोंढ्यात वाहून जाणार! ज्या दारापाशी आपला धाकटा उभा राहणार, त्या दारामागं पाणी नको का?... पण हे बोलून दाखवलं तर मायेचा उपकार होईल, म्हणून तिनं ओठ मिटून घेतले.

धाकटा पाठ फिरवून निघून गेला. धरणावरच्या एका खोलीत त्यानं बिऱ्हाड मांडलं. लग्नाला आक्का पाहुण्यासारखी गेली, पाहुण्यासारखी परतली. त्यानंतर त्यानं घराकडं पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस असा कोसळला की टेकडी दिसेना. सकाळी उघडीप होताच आक्का घळीत धावली. बांधावरून पडणाऱ्या पाण्यानं पायथ्याशी खड्डा खणला होता. ती त्यात काटक्याकुटक्या कोंबत असतानाच खालून पाण्यातून कुणी चालत येत असल्याची चाहूल लागली... धाकटा! गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि मागं चपला हातात घेतलेली त्याची बायको!

“धरणाला तीन ओढे मिळतात, आक्का,” तो धापा टाकत म्हणाला. “दोन आज चहासारखे लाल. एकच नितळ. ही म्हणाली, वर कुणी पाणी गाळून पाठवतंय का, बघा तरी! म्हणून ओढा धरून चढत आलो, तर...” त्यानं बांधाच्या दगडांवर हात ठेवला. “तर माझी खोली दिसली! एकेक दगड ओळखला मी.”

बांधामागं अडलेल्या मातीचं केवढं सपाट शेत झालं होतं, आणि त्यावर गवत डोलत होतं! ते बघता बघता त्याची नजर खड्ड्याकडं गेली, आणि कामाचा माणूस जागा झाला.

“अगं, पाया उघडा पडतोय! इथं सपाट दगड का नाही बसवलास?”

आक्का पुन्हा काटक्या कोंबू लागली.

“परसात एक आहे म्हणत होतात ना?” बायकोनं त्याला विचारलं.

“तो उंबरा आहे गं, ह्याच्या घराचा!” आक्का कळवळून म्हणाली. “सगळे घातले, पण त्याला हात लावायचा धीर झाला नाही. कधीतरी येईल तो... तेव्हा दारात निदान उंबरा तरी असू दे म्हटलं!”

धाकट्यानं भरल्या डोळ्यांनी तिचे चिखलानं माखलेले हात आपल्या कपाळाला लावले. “मला का नाही बोललीस?”

“तू ओरडत होतास की, मला बोलायला सवड कुठं दिलीस!”

आणि तिघंही रडता रडता हसत सुटली.

दुपारी तो दगड फळीवर ठेवून, दोरानं ओढत त्यांनी वर नेला. आक्का अजून कुरकुरत होती, पण धाकट्यानंच पहारीनं तो खड्ड्यात नीट बसवला. वरून पडणारं पाणी त्यावर फुटलं, विखुरलं आणि शहाण्यासारखं वाहू लागलं.

“झालं!” बायको कंबरेवर हात ठेवून म्हणाली. “उंबरा पाण्यात गेला. आता आम्ही घरात शिरायचं कुठून?”

“माझ्याच दारातून, भवाने! आणि आजच शिरायचं!”

सांज होता होता तिघं उतरू लागली. वाटेत सवयीनं आक्का वाकली आणि तिनं एक दगड उचलला. धाकट्यानं तिच्याकडं पाहिलं आणि त्यानंही एक खांद्यावर घेतला. बायकोनं तिसरा पोटाशी धरला आणि बजावलं, “मला खिडकी मात्र धरणाकडं हवी हं!”

रिकाम्या परसात ते तीन दगड एकाशेजारी एक ठेवताना आक्काचं अंतःकरण काठोकाठ भरून आलं... धाकट्याची खोली पुन्हा सुरू झाली होती!