मरणाची सोडत

शनिवारी सकाळी ताई खाली आली तेव्हा तिच्या धाकट्या भावाने पुस्तकांचे खोके डिकीत रचून ठेवले होते आणि स्वतः स्टिअरिंगवर ताल धरून गुणगुणत बसला होता. हा गुणगुणायला लागला की घरातली माणसं कामं काढून दुसऱ्या खोलीत जायची. सूर नावाची वस्तू त्या गळ्यात नव्हतीच. लहानपणी घरच्यांनी नाव ठेवलं भोंगा, आणि चाळिशी आली तरी ते सुटलं नव्हतं. त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

"भोंग्या, बंद कर बाबा. दोन दिवस चार माणसांत काढायचेत."

"गाऊ दे की. दुपारी मरणार आहे मी. शेवटची इच्छा समज."

आता हे मरणाचं प्रकरण आधी सांगायला हवं. ताई विज्ञानकथा लिहायची, आणि दरवर्षी एका हॉटेलात विज्ञानकथा-अद्भुतकथांचं जे संमेलन भरायचं, तिथे ताईची 'मरणाची सोडत' म्हणजे सगळ्यांत मोठं आकर्षण. वाचकांनी आपल्या चिठ्ठ्या काचेच्या बरणीत टाकायच्या. ज्याची निघेल तो ताईच्या पुढच्या पुस्तकात मरणार. तोही आपल्या धंद्यासकट, खोडींसकट, अगदी ओळखू येईल असा. लोक मरायला रांगा लावत हो! गेल्या वर्षी गंमत म्हणून भोंग्यानेही चिठ्ठी टाकली आणि नेमकी तीच निघाली. टाळ्यांनी हॉल दणाणला.

ताईनेही मग हात आखडता घेतला नाही. नव्या पुस्तकात भोंगा अंतराळयानाच्या दोन दारांमध्ये अडकतो, हवा संपत जाते, आणि तो शेवटपर्यंत गुणगुणत राहतो. बदल एकच केला होता. पुस्तकातला भोंगा सुरात गुणगुणतो. लिहिताना ताईच्या डोक्यात एक छोटीशी चाल आली होती, वर चढून थबकणारी आणि मग हळूच उतरणारी. ती तिने कुणाला कधी म्हणून दाखवली नव्हती.

"मरताना तरी तुला सूर सापडू दे म्हटलं," ती म्हणाली.

"उपकार झाले," भोंगा म्हणाला आणि आणखी मोठ्याने गायला लागला.

हॉलमध्ये वेशभूषा स्पर्धेची नेहमीची धमाल होती. पुठ्ठ्याची शेपटी सावरत कुणी चहाच्या रांगेत उभं, कुणी चार हातांपैकी नेमक्या कोणत्या हाताने कप धरावा या पेचात. रंगाचा, डिंकाचा आणि नव्या कागदाचा वास सगळीकडे भरलेला. ताई आपल्या टेबलामागे ऐटीत बसली. इथे तिचं राज्य होतं आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

नव्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अजून वेळ होता. तेवढ्यात एक माणूस समोर येऊन उभा राहिला. खरं तर तो बराच वेळ उभा असावा, कारण त्याने खाकरल्यावर ताई दचकली. हा चष्म्याच्या दुकानाचा मालक. दोन वर्षांपूर्वी याची चिठ्ठी निघाली होती, आणि ताईने याला धुक्याच्या ग्रहावर हरवून मारलं होतं.

"ताई, एक विनंती होती," तो हळू आवाजात म्हणाला. "पुस्तक आलं तेव्हापासून... दारं उघडत नाहीत माझ्यासाठी."

"कसली दारं?"

"ही... आपोआप सरकणारी. मग टॅक्स्या थांबेनाशा झाल्या. दुकानात गिऱ्हाईक येतं, मी समोर असतो, आणि ते कुणी नाही म्हणून निघून जातं. आता तर बायकोही... तिसऱ्या हाकेला बघते."

ताईला हसूच आलं. असली नाटकं या संमेलनात रोजची. "छान जमलंय! स्पर्धेत भाग घ्या."

"एक वाक्य लिहून द्या फक्त. मी वाचलो म्हणून." त्याने पुस्तक उघडून तिच्यापुढे सरकवलं. पान हाताळून हाताळून मऊ पडलं होतं.

"हे बघा, मेलेल्याला मी उठवत नाही. माझा बाणाच आहे तो. एकदा उठवला की पुढच्या मरणाला कोण घाबरणार?"

तो पुस्तक तिथेच ठेवून निघाला. हॉलचं काचेचं दार त्याच्यापुढे मिटलेलंच राहिलं. एक शिंगवाली मुलगी बाहेरून आली तेव्हा ते सरकलं, आणि तो घाईने अंग चोरून बाहेर पडला. काय अभिनय करतो, ताईच्या मनात आलं.

दुपारी पुस्तकाचं प्रकाशन झालं. भोंग्याने स्टेजवर छाती धरून मरून दाखवलं, लोक पोट धरून हसले, आणि खोक्यामागून खोका खपला. "आणखी आण रे," ताई म्हणाली, तसा तो गाडीकडे गेला.

थोड्या वेळाने तिने मान वर केली. भोंगा खोका घेऊन काचेपलीकडे उभा होता. दार उघडत नव्हतं. त्याने तोंड वेडावून दाखवलं, पाय आपटला, मागे जाऊन पुन्हा पुढे आला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. शेवटी मागून एक स्वयंसेवक आला, दार सरकलं आणि भोंगा त्याच्यामागून आत शिरला.

"बिघडलंय वाटतं," तो म्हणाला.

तो चहा आणायला गेला. चहावालीने त्याच्या मागच्या माणसाला कप दिला, मग त्याच्याही मागच्याला. भोंग्याने हात हलवला. तिने त्याच्यातून आरपार बघत फडक्याने काउंटर पुसला. ताईचं पेन थांबलं. पण तिने स्वतःला दटावलं. वेडी आहेस का, गर्दी आहे, बाई कामात आहे. ती सह्या करत राहिली. पुढचा गठ्ठा हवा झाला तशी इकडेतिकडे बघून वैतागली, "कुठे उलथला हा?"

"अगं ताई..." आवाज अगदी कानाशी आला. "मघापासून इथेच आहे मी. तुझ्या बाजूला."

तो होता. खुर्चीला टेकून, तिच्या खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.  बाणा गेला खड्ड्यात! हा तिचा भाऊ होता.

"माझा हात धर," ती म्हणाली. "सोडू नकोस."

डाव्या हाताने त्याला धरून तिने उजव्या हाताने पेन उचललं. मी लिहिलंय ना? मग मीच पुसणार. भोंग्याच्या मरणाच्या पानाखाली तिने लिहिलं, 'तेवढ्यात दार उघडलं, आणि तो आत आला.' पहिल्या प्रतीत, दुसऱ्या प्रतीत, टेबलावरच्या प्रत्येक प्रतीत. माइकवरून सांगितलं की विकत घेतलेली पुस्तकं परत आणा, खास भेट आहे. शेपट्या, शिंगं, चार हात, सगळे खुशीत रांगेला लागले. बोटं वाकडी झाली तरी ती थांबली नाही. गठ्ठ्यात चष्मेवाल्याचं पुस्तकही होतं. त्यातही तिने लिहिलं, 'धुकं विरलं, आणि तो घरी पोचला.' ते वाळायला बाजूला ठेवलं. पुन्हा पाहिलं तर जागेवर नव्हतं. त्याला येताना मात्र तिने पाहिलं नाही.

शेवटची प्रत झाली. "जा," ती म्हणाली.

भोंगा दाराकडे गेला. दार सर्रकन सरकलं. चहावालीने लांबूनच विचारलं, "साखर किती घालू, दादा?" ताई खुर्चीत मागे रेलली आणि मोठ्याने हसली. जमलं होतं! तिचं काही अडलं, असं आजवर झालंच नव्हतं.

रविवार मजेत गेला. भोंगा जरा गप्प होता, पण दमला असेल बिचारा. ताईने सोडतीची बरणी लोकांसमोर रिकामी केली आणि आता कुणालाही मारणार नाही म्हणून जाहीर केलं. संध्याकाळी दोघं परत निघाली. रिकामे खोके मागे खडखडत होते, आणि ताईचे डोळे मिटायला लागले होते.

तेव्हा भोंगा गुणगुणायला लागला.

चाल वर चढली, थबकली, आणि हळूच उतरली. ताईने डोळे उघडले. एकही स्वर हलला नव्हता. ही चाल तिने कुणाला म्हणून दाखवली नव्हती, आणि पुस्तकात तर नुसते शब्द होते. 'तो आत आला,' एवढंच तिने लिहिलं होतं; कोण, ते नाही.

"भोंग्या..." ती म्हणाली. "नेहमीसारखं गा ना रे. बेसूर. एकदाच..."

त्याने तिच्याकडे बघून गोड हसून मान डोलावली, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. तसंच. सुरात.