पंप बंद झाल्यानंतर

सोनवलीच्या माळावरच्या नियंत्रण कक्षात सकाळी नऊ वाजता आयुक्तांचा आदेश आला. दहाला पंप बंद करा, लोकांना घरी सोडा.

भूकंपशास्त्रज्ञ डॉ. सुनेत्रा घाडगे यांनी तो दोनदा वाचला आणि कागद समोर बसलेल्या रफीक मुलाणींकडे सरकवला. प्रकल्पाचे मुख्य अभियंता तेच होते.

"सहा दिवस झाले," रफीक म्हणाले. "चार हजार माणसं उघड्यावर. काल तंबूत एक आजी न्यूमोनियानं गेल्या. आयुक्त तरी किती कळ काढणार?"

सोनवलीखाली साडेतीन किलोमीटरवर दोन प्रचंड खडक एकमेकांत अडकून बसले होते. त्यांच्यातला ताण इतका वाढला होता, की दोनेक वर्षांत ते घसरणार हे नक्की होतं. कधी, ते सांगता येत नव्हतं. भूकंप थोपवण्याची विद्या कुणाजवळच नव्हती. पण त्याला बोलावता येत होतं. खोल विंधनविहिरीतून जबर दाबानं पाणी सोडलं की ते खडकांमधल्या फटीत शिरतं, घर्षण कमी होतं आणि अडकलेले खडक सुटतात. दिवस आपण ठरवायचा, घरं आधी रिकामी करायची. सुनेत्राने त्याला 'आवाहित भूकंप' असं नाव दिलं होतं.

वर्षभर ती दारोदार फिरली होती. कपाटं पट्ट्यांनी भिंतीला आवळून घेतली, विजेची मुख्य कळ घरातल्या प्रत्येकाला दाखवली, प्रत्येक दाराशी पाणी, औषधं, बॅटरी आणि कागदपत्रांची पिशवी टांगायला लावली. तिची थोरली बहीण शालन याच गावात दिलेली. शालनचं घर तर इतकं नीट तयार होतं, की लोकांना तिथं नेऊन दाखवत. भिंती मात्र गावातल्या बहुतेक घरांसारख्या दगडमातीच्याच. त्या बदलायला वर्ष पुरलं नव्हतं.

"पंप बंद केला की धोका वाढतो, रफीकभाई. गोणपाटाच्या एका कोपऱ्यावर पाणी ओतलं आणि ओतणं थांबवलं, तरी ओल पुढं सरकत राहतेच ना? विहिरीजवळची फट सहा दिवसांत भिजली, ती घसरून मोकळीही झाली. अडकलाय तो लांबचा भाग. दाबाखालचं पाणी आता तिकडं निघालंय. विहीर बंद केली म्हणून ते माघारी येत नाही."

"किती वेळात पोचेल?"

"सहा तास. फार तर दहा."

"म्हणजे माणसं घरात शिरली, चुली पेटल्या, की..." रफीकनी कागद उलटा ठेवला. मग म्हणाले, "आयुक्तांना सांगितलंत?"

"तीन वेळा. गावसभेतही सांगितलं. लोक म्हणाले, ही बाई पंप चालू असताना थांबा म्हणते आणि बंद असतानाही थांबा म्हणते!"

बाहेर इंजिनाची घरघर अखंड चालू होती. सहा दिवस गाव त्या आवाजाशी बांधलेलं होतं. घरघर आहे तोवर घरात जायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं.

सुनेत्रा खिडकीशी गेली. "लोकांना दाब दिसत नाही, आवाज ऐकू येतो," ती हळू म्हणाली. "विहिरीची झडप बंद करू. इंजिन चालू ठेवू. पाणी टाकीतून निघून परत टाकीत पडेल. आयुक्तांना कळवू, की विहीर बंद केली. ते खोटं नाही."

"आणि लोकांना?"

"काहीच सांगायचं नाही."

झडप ज्याच्या हातात होती तो दत्ता निकम, शालनचा नवरा. सुनेत्राने त्याला आत बोलावलं आणि सगळं समजावलं. गोणपाटाचं उदाहरणही दिलं. दत्ताने मान हलवली.

"दाजी, तुम्हाला पटलं ना?"

"तू शिकलेली, सुनेत्रा. तू म्हणतीस म्हणजे असंल."

"कुणाला बोलू नका. आक्कालासुद्धा नाही."

"न्हाई बोलणार."

दहा वाजता त्याने झडप बंद केली. दाबमापीचा काटा हळूहळू खाली आला. इंजिन घरघरत राहिलं. माळावर लोकांनी शिव्या घातल्या, दोघातिघांनी नियंत्रण कक्षावर दगड भिरकावले, पण घराकडं कुणी फिरकलं नाही.

दुपारी तीनला दत्ताची पाळी संपली. तो तंबूत आला. त्याची आई तापाने फणफणली होती, खोकल्याने तिला धड बसताही येत नव्हतं. शालन धान्याच्या रांगेत होती. दत्ता तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "आईला घरी न्हेतो. जरा शेकतो, गरम पाणी पाजतो, तासाभरात आणतो."

"अवो, पंप चालू हाय की!"

"मला ठावं हाय काय चालू हाय ते," एवढंच तो म्हणाला. दिलेला शब्द त्याने मोडला नाही.

चारला दहा मिनिटं असताना भूकंप आला.

अख्खा माळ हलला. माणसं जमिनीला धरून बसली. गावावर धुळीचा लोट उठला आणि तो खाली बसला तेव्हा अर्धं गाव दिसेनासं झालं होतं. तंबूतल्या एकालाही खरचटलं नव्हतं. एक बाई धावत येऊन सुनेत्राच्या पायांशी वाकली. "तुमच्यामुळं वाचलो, ताई." सुनेत्राची नजर गर्दीत शालनला शोधत होती.

शालन गावाकडं धावत सुटली होती.

म्हातारी जिवंत निघाली. दत्ताने तिला लोखंडी खाटेखाली ढकललं होतं. तो स्वतः चुलीपाशी सापडला. भांड्यातलं पाणी त्याच्या अंगाखाली सांडून गार झालं होतं.

सुनेत्रा पोचली तेव्हा शालन त्याच्या कपाळावरची माती पदराने पुसत होती. रडत नव्हती.

"पंप बंद होता व्हय गं?"

"सकाळपासून."

"ह्यास्नी ठावं होतं?"

"मीच सांगितलं, आक्का. बंद केल्यावर जास्त धोका असतो, हेपण सांगितलं होतं."

"बंद केलेल्याला कोन भितंय?" शालन म्हणाली. "अख्ख्या गावाशी खोटं बोललीस. मग ह्यांच्याशीच खरं का बोललीस?"

"झडप दाजींच्या हातात होती," सुनेत्रा म्हणाली.

तेवढ्यात माळावरची घरघर थांबली. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, असं वाटून रफीकनी इंजिन बंद केलं होतं. सहा दिवसांनी पहिल्यांदा शांतता झाली आणि माळावरून एकच आरोळी उठली. माणसं घरांकडं निघाली. कुणाला डबे काढायचे होते, कुणाला गोठ्यातली म्हैस सोडवायची होती. अर्धवट उभ्या भिंती त्यांची वाट पाहत होत्या.

"थांबा!" सुनेत्रा ओरडत धावली. "ओल अजून सरकतेय! अजून धक्के येतील!" कुणी थांबलं नाही. "आता पंप बंद झालाय की, ताई," एक जण हसून म्हणाला.

शालन उठली. मातीने भरलेल्या पदरानेच गावाच्या वाटेवर आडवी उभी राहिली. बोलली ती मोठ्याने नाही, पण पुढचे थबकले तसे मागचेही थबकले.

"पंप सकाळीच बंद झाला हुता," ती म्हणाली. "माझ्या मालकानंच केला हुता. ते घरात हायती, बघून या."

दोघं जण पुढं गेले, दारातून आत डोकावले आणि मान खाली घालून परतले. मग एकेक करून माणसं माळाकडं वळली.