रंगुबाईंची गोळी

दौंडच्या एका हॉटेलात डॉक्टरांचं चर्चासत्र होतं. डॉक्टर धनश्री गाडी लावून दारात आली, तर टेबलामागच्या माणसानं तिच्या हातात बिल्ला ठेवला.

“यावर कंपनीचं नाव माझ्या नावापेक्षा मोठं का हो?”

“जेवण कंपनीचं हाय ना, मॅडम,” तो हसला. मग घाईनं म्हणाला, “आहे.”

त्याचं ते आधीचं ‘हाय’ तिला उगीचच आवडलं.

त्याचं नाव सुदर्शन. औषध कंपनीचा एमआर, डॉक्टरांकडं फिरून औषधं खपवणारा; गाव भांडगाव. पुढं दर मंगळवारी तो नदी ओलांडून वडगाव रासाईला तिच्या दवाखान्यात येऊ लागला. पेशंट संपेपर्यंत बाकावर बसून राहायचा. एकदा शेजारी बसलेल्या पेशंट अनसाबाईंनी हटकलंच.

“आवं पावनं, दुखतंय तरी कुठं तुमचं?”

“शोधतोय, मावशी.”

धनश्रीला अनसाबाईंचं बीपी दुसऱ्यांदा मोजावं लागलं.

पण तो गोड बोलला की तिच्या मनात यायचं… हा गोडवा याचा, की कंपनीचा?

पुढच्या महिन्याच्या चर्चासत्रात बोलायची पाळी तिची होती. विषय, शुगरची नवी गोळी. सुदर्शन पेन ड्राइव्ह घेऊन आला.

“स्लाइड तयार आहेत. तुम्ही फक्त वाचायच्या.”

“तोंड माझं आणि बोलणं कंपनीचं?”

“सगळेच वाचतात, मॅडम.”

“तुमच्या आईला शुगर आहे म्हणालात. रंगुबाई हीच गोळी घेतात?”

तो बॅगेच्या चेनशी खेळत राहिला.

“न्हाई… जुनीच. स्वस्तातली. तिच्यावर बरं चाललंय.”

धनश्रीनं पेन ड्राइव्ह परत त्याच्यापुढं सरकवला.

पुढच्या मंगळवारी त्यानं चकचकीत माहितीपत्रकाऐवजी अख्खा शोधनिबंध छापून आणला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं : संशोधनाचा खर्च कंपनीचा. नव्या गोळीची तुलना औषध नसलेल्या, नुसत्या पिठाच्या गोळीशी केलेली. जुन्या औषधाशी केलेलीच नव्हती.

“हे मी बोलले तर तुमची नोकरी?”

“जाईल बहुतेक.”

“मग आणलंत कशाला?”

“तुम्ही आईचं विचारलंत… तवापास्नं घास गोड लागंना.”

चर्चासत्रात ती बोलली. शेवटचं पान पडद्यावर मोठं करून दाखवलं. सभागृहात नुसते चमचे वाजत होते. मग ज्येष्ठ डॉक्टर शंकरराव म्हणाले, “पोरी, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत.”

“म्हणून तर डबा आणलाय, सर,” धनश्री म्हणाली.

कुणीतरी फसकन हसलं. तिघा-चौघांनी पानाचा फोटो काढला. मागं दाराशी उभ्या सुदर्शनला त्याचा साहेब हाताला धरून बाहेर घेऊन गेला.

दोन मंगळवार बाक रिकामा. धनश्रीनं त्याचा नंबर दोनदा काढला, दोनदा फोन खाली ठेवला. नोकरी त्याची गेलेली, आपण काय विचारणार?

तिसऱ्या मंगळवारी तो आला. नंबर लावून अनसाबाईंच्या शेजारी बसला. पाळी आली तसा आत येऊन उभा राहिला. हात मोकळे.

“बॅग?”

“परत दिली. आता गोड बोललो तर ते माझंच.”

“बोला की मग.”

पाच वर्षं कंपनीसाठी घडाघडा बोललेला माणूस अडखळला. “भांडगावात… दुकान टाकतोय. स्वस्त औषधांचं.”

“माझे पेशंट तिकडं पाठवणार नाही हं. आधीच सांगते.”

“पेशंट नकोतच.” त्यानं वर पाहिलं. “तुम्ही या. आई वाट बघतीय… आन् मी बी.”

धनश्रीनं गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

“रविवारी येते,” ती म्हणाली. “जेवायला. डबा आणणार नाही.”

बाहेर बाकावरनं अनसाबाईंचा आवाज आला, “घ्या! घावलं बया दुखणं.”