काचेच्या कौलाखाली

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका घरात चला. गोव्यातल्या लाटंबार्श्याला, डोंगराच्या पायथ्याशी, काजूच्या झाडांत बांधलेलं कौलारू घर. वैशाखातली दुपार आहे. काजू वेचून संपलेत, तरी बोंडांचा आंबूस वास अजून अंगणात रेंगाळतोय. बाहेरच्या खोलीत या. छपरातली काही कौलं काचेची आहेत आणि त्यांतून उन्हाचा एक चौकोन सरळ खाली उतरलाय. त्या चौकोनात पलंग, पलंगावर पांढरी चादर. कौलं आणि पलंग यांच्या मधोमध वाशांना टांगलेली एक लाकडी चौकट, खिडकीच्या गजांसारखी आडव्याउभ्या पट्ट्यांची.

ती माटोळीची चौकट. आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, ती गणपतीच्या डोक्यावर टांगतात आणि रानातल्या फळांनी भरून टाकतात. मध्ये सोडणासकट, म्हणजे सालासकट नारळ, भोवती लिंबाच्या जातीची मोठी तोरंजनं, आंबाडे, लालभडक कवंडळं, हलवल्या की बिया खुळखुळणाऱ्या घागऱ्यांच्या शेंगा. सगळं केवणीच्या सालीच्या दोऱ्यांनी बांधायचं. गणपती पोचवून आले की माटोळी उतरवायची आणि फळं वाटून टाकायची. बऱ्याच घरांत नंतर चौकट माळ्यावर जाते. या घरात ती वर्षभर तशीच असायची, रिकामी, जुन्या दोऱ्यांची सुकलेली टोकं लोंबत.

आता सांगा, सावली पडायला काय काय लागतं? उजेड लागतो. उजेड अडवणारी वस्तू लागते. आणि सावली झेलायला भिंत, जमीन, चादर, काहीतरी लागतं. साखळी गावातल्या शाळेत मी हा धडा निवृत्त होईपर्यंत शिकवला. त्यात मला नवीन काही दिसेल असं वाटलं नव्हतं.

त्या पलंगावर गौरवी असायची. नऊ वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, बोलायला फटकळ. पायाच्या हाडात सुरू झालेला आजार पाठीपर्यंत पोचला होता. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिच्या आईवडिलांना समोर बसवून सांगितलं होतं, की आता आजाराच्या मागे धावायचं नाही, मुलीजवळ बसायचं. तेव्हापासून मनीषा सिस्टर त्या घरी येऊ लागल्या. अशा मुलांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं सोसवेल एवढं कमी करणं, आणि घरातल्या माणसांना धीर देणं हे त्यांचं काम. त्यांच्या जीपमधून मीही जायची. मूल आजारी असलं तरी त्याला शिकायचं असतं, एवढंच मला माहीत होतं.

गौरवीला कूस बदलायची असली तर तिची आई देवकी आणि सिस्टर, दोघींना मिळून तिला उचलावं लागे. तेवढ्यानंही तिचे ओठ पांढरे पडत. पलंग माटोळीखाली ठेवायचा हट्ट तिचाच होता.

पहिल्या दिवशी मी तिला सावलीचा धडा शिकवला. उन्हाचा चौकोन चादरीवरून कसा सरकतो ते आम्ही पाहिलं. चौकटीच्या पट्ट्यांची सावली तिच्या गुडघ्यांवर पडली होती.

"बाई, ही रिकामी सावली," ती म्हणाली. "चवथीक बघा, कशी दाट पडता ती."

मग आई स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून तिनं विचारलं, "चवथीक मी असतलंय?"

सिस्टरनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, खोटं बोलू नका. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"माका वाटता, नाय." तिनं वर चौकटीकडे पाहिलं. "पण पपाक सांगू नकात. तो रडतलो. माका फक्त माटोळी बघूची हा."

तिचा बाप श्रीनाथ टिपर, म्हणजे मालाचा ट्रक चालवायचा. दर वर्षी चवथीच्या आधी बापलेक डोंगरावर जाऊन माटोळीचं सामान गोळा करत. सिस्टरनी त्याला अंगणात गाठलं आणि हळूच म्हटलं, "श्रीनाथ, चवथ आत्ताच करूया का घरात? मिळतील ती फळं बांधू. तिच्यासाठी."

श्रीनाथचा चेहरा दगडासारखा झाला.

"चवथ भाद्रपदात येता, सिस्टर. वैशाखात माटोळी बांधूक मी काय खुळो?"

"फक्त एक नारळ बांधा हवं तर."

"वेळेआधी नारळ बांधलंय म्हणजे माझी पोरगी चवथीक पावाची नाय, असा मीच कबूल केलंय. ह्या चौकटीक कोणी हात लावूचो नाय."

तो मोठ्यानं बोलला होता. आत गौरवीनं सगळं ऐकलं. त्यानंतर श्रीनाथ त्या खोलीत आला तरी मान वर करीत नसे.

दुखणं चढलं की सिस्टर तिला तोंडानं मॉर्फिन देत. औषध घेतल्यापासून गुण येईपर्यंतचा वेळ फार वाईट असे. त्या वेळेसाठी मी एक खेळ काढला. रिकामी चौकट मनानं भरायची. पट्ट्यांमधल्या एकेका घरात एकेक फळ, आणि त्या फळाबद्दल तिला ठाऊक असेल ते सगळं मला सांगायचं.

"बाई, कवंडळ खंय मिळता?"

"वेलीवर."

"ता बकरीकय ठाऊक आसा. खंयच्या बाजूक?" दात आवळलेले असतानाही ती हसायची. "रानात गेल्यात तर हरवतल्यात तुमी."

चौकट भरत गेली. डोळ्यांना न दिसणारी, पण आम्हा दोघींना पाठ.

एका दुपारी मी दारातून आत आले आणि मला पिकलेल्या आंबाड्यांचा वास आला. आंबट, गोडसर, नाकात चढणारा. वैशाखात आंबाडे नसतात. मी देवकीला विचारलं, लोणचं काढलंस का? ती म्हणाली, नाही. मग मी मनाशी ठरवलं, की वास काजूच्या बोंडांचा असणार.

पुढच्या खेपेला वीज गेली होती. पंखा बंद. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. सिस्टर औषध मोजत होत्या आणि आमच्या डोक्यावर काहीतरी खुळखुळलं. सुकलेल्या शेंगेत बिया वाजाव्यात तसं. सिस्टरांचा हात थबकला. आम्ही दोघींनी वर पाहिलं. रिकाम्या पट्ट्या, दोऱ्यांची टोकं. टोकंही हलत नव्हती.

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"घागऱ्यो," गौरवी म्हणाली.

सिस्टरांनी औषध पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

मग तो दिवस आला. आदल्या रात्रीपासून गौरवीला श्वास जड जात होता, म्हणून श्रीनाथ कामावर गेला नव्हता. देवकी तिच्या पायांशी बसली होती, सिस्टर आणि मी एका बाजूला उभ्या होतो. पलंगाची दुसरी बाजू, देवघराच्या दाराकडची, मोकळी होती. श्रीनाथ उंबऱ्यावर बसून होता, पाठ आमच्याकडे करून.

जेवणवेळ टळली आणि नेहमीप्रमाणे उन्हाचा चौकोन चादरीवर आला.

पट्ट्यांची सावली पडली. आणि पट्ट्यांच्या मधोमध नारळाची सावली पडली.

त्याच्या शेजारी तोरंजनाची. मग गोल कवंडळं. आंबाड्यांचे घड, घागऱ्यांचे झुबके, सुपाऱ्यांनी लगडलेली शिपटी. एकेक करून, जसा चौकोन पुढे सरकला तशा, साऱ्या चादरीवर त्या गच्च भरून आल्या. दोऱ्यांच्या गाठीसुद्धा दिसत होत्या.

मी वर पाहिलं. चौकट रिकामी होती.

मी पुन्हा खाली पाहिलं. उजेड होता. चादर होती.

मला भीती वाटली नाही. देवळाचं दार उघडल्यावर आतली समई दिसावी आणि बोलायचं राहून जावं, तसं काहीसं झालं. देवकीनं हात जोडले होते. सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"श्रीनाथ," देवकीनं हाक मारली. "येवा हंय."

तो आला. त्यानं चादरीकडे पाहिलं. मग कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा मान वर करून चौकटीकडे पाहिलं.

"ह्या कोणी बांधला?" त्यानं विचारलं.

"तू बांधूक नाय मा," गौरवी म्हणाली. "म्हणान दुसऱ्यान बांधला."

"कोणी गो, बाय?"

ती सावल्यांकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावरची आठी, जी मी पहिल्या दिवसापासून पाहत आले होते, ती नव्हती.

"चवथ झाली, पपा," ती म्हणाली. "आता उतरवया?"

बाहेर एक कावळा ओरडला आणि थांबला. मग श्रीनाथ पलंगाशेजारी जमिनीवर बसला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"उतरवया," तो म्हणाला.

गौरवीनं बोटांनी नारळाची सावली उचलली.

चादरीवर तिथे नुसतं ऊन उरलं. तिनं हात बापाच्या ओंजळीवर नेला आणि सोडला. त्याची ओंजळ खाली गेली, वजन पडल्यावर जाते तशी, आणि त्यानं ती घाईनं छातीशी धरली.

तोरंजन तिनं आईला दिलं. आंबाडे सिस्टरांना. मला कवंडळ दिलं. माझ्या तळव्यात दिसायला काही नव्हतं, पण गारवा होता, पहाटेच्या वेलीवरून आत्ता तोडल्यासारखा.

आता चादरीवर एकच झुबका उरला होता, घागऱ्यांचा.

तो उचलून गौरवीनं पलीकडे, देवघराच्या दाराकडे मान वळवली, जिकडे कोणी उभं नव्हतं. हात लांब केला. "घे, तूच बांधलंस मा," ती म्हणाली, बाकावरच्या मैत्रिणीला म्हणावं तशी.

घागऱ्या खुळखुळल्या. खोलीत पलीकडे, जरा उंचावर.

मग गौरवी, जिला कूस बदलायला दोन माणसं लागत, ती आपली आपण आमच्या बाजूला सरकली. पलीकडे एका माणसाला पुरेल एवढी जागा झाली. तिनं आपल्या अंगावरचं अर्धं पांघरूण काढलं आणि त्या जागेवर नीट पसरलं.