मध्ये सुई उचलायची नाही

ज्याला थापा वाटतील त्याने खुशाल पुढची पोस्ट वाचावी. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

मी धनेश. घडलं ते माझ्या मावसभावाच्या, यतीनच्या घरात. परळची चाळ, मागच्या ऑगस्टमधला रविवार, दुपारचे पावणेतीन. अमावास्या नाही, अंधार नाही... खाली पोरं क्रिकेट खेळत होती.

यतीनला एकच वेड. लाखेच्या जुन्या रेकॉर्डी. त्याही आपल्या नाट्यगीतांच्या नव्हेत, अमेरिकेतल्या जॅझच्या, ब्लूजच्या, कंट्रीच्या. त्याचे वडील अप्पा, जन्म गिरणीत घालवलेला मालवणी माणूस, हसून म्हणायचे, "हो काय गाता, ता ह्येका तरी कळता काय?"

घर दोन खोल्यांचं. बाहेर अप्पांची कॉट. आतल्या खोलीत चावीचा ग्रामोफोन, रेकॉर्डींचे गठ्ठे आणि कपाट. कपाटात अप्पांच्या गोळ्या. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या.

त्या आत असायच्या, एवढं लक्षात ठेवा.

आदल्या दिवशी यतीन गिरगावात गेला होता. उर्मिलाबाई म्हणून एक विधवा बाई होत्या. त्यांचे यजमान शरच्चंद्र असेच रेकॉर्डींचे वेडे. बिल्डिंग पाडायला निघालेली, म्हणून बाई घर रिकामं करत होत्या. एक रेकॉर्ड त्यांनी वेगळीच ठेवली होती. कोरी, लेबलच नाही.

"कितीला द्याल?"

"पैसे नकोत," बाई म्हणाल्या. "फक्त परत आणू नका."

यतीन खूश. फुकट ते पौष्टिक! निघताना त्याला एक गोष्ट मात्र दिसली. त्या घरात एकाही खोलीला दार नव्हतं. नुसत्या चौकटी. बिजागऱ्यांच्या खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली.

रविवारी त्याची बायको सुरुची हिंदमाताला साड्या घ्यायला गेली. अप्पा जेवून आडवे झाले. यतीनने आत जाऊन कडी लावली. ऐकताना कडी लावायची, ही त्याची शिस्त. दुसरी शिस्त म्हणजे, सुरू झालेली रेकॉर्ड मध्ये थांबवायची नाही. घाईत सुई उचलली की ती घसरते, लाखेवर ओरखडा पडतो. तो जन्मात जात नाही.

त्याने चावी दिली. सुई टेकवली.

खरखर... मग ट्रम्पेट. मग एका बाईचं संथ, दुखरं गाणं. यतीनच्या अंगावर काटा आला. असा माल बाजारात नसतोच.

आणि गाण्याच्या शेवटी, पार मागे...

"शरू... दार उघड रे."

मराठी! अमेरिकन रेकॉर्डवर म्हाताऱ्या बाईचा मराठी आवाज!

शरू म्हणजे शरच्चंद्र, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. कुठलाही शहाणा माणूस तिथेच उठला असता. आमच्या दिवट्याने नवी सुई बसवली, पुन्हा चावी दिली.

खरखर... ट्रम्पेट... गाणं...

"यतीन..."

तो हसला. भास, दुसरं काय!

"दार उघड रे झिला... गोळी दी."

आवाज अप्पांचा होता.

यतीन दाराकडे धावला. कडी ओढली. कडी हलेना. रोज एका बोटाने सरकणारी कडी, दोन्ही हातांनी हलेना!

"अप्पा! आलो, आलो!"

त्याने दाराला कान लावला. बाहेर काहीच नव्हतं. पोरांचा आरडाओरडा नाही, पंख्याची घरघर नाही. आणि मागून, ग्रामोफोनच्या कर्ण्यातून...

"झिला... छातीत दुखता रे."

त्याने लाथा मारल्या. खांदा मारला. खिडकी उघडायला गेला, तर तीही जाम. गोळ्यांची पट्टी मुठीत, आणि बाप एका फळीपलीकडे!

रेकॉर्ड तीन मिनिटांची. चावी संपत आली की गाणं मंद व्हायला हवं. होत नव्हतं.

मग त्याला आतून कळलं... सुई उचलली की दार उघडेल.

हात पुढे गेला. सुईपर्यंत गेला.

आणि थांबला.

ओरखडा पडेल.

एवढंच आलं मनात. सवय हो, दुसरं काही नाही. क्षणभर, फार तर दोन क्षण. तेवढ्यात गाणं आपोआप संपलं. कडी खट्‌कन सरकली, दार आत ढकललं गेलं... आणि दाराला टेकून बसलेले अप्पा त्याच्या पायांवर आडवे झाले.

अंग अजून गरम होतं.

शेजारच्या मालनमावशी म्हणतात, अप्पा दार बडवत होते, पण आतून चकार शब्द येत नव्हता.

यतीनने हे मला तेराव्या दिवशी सांगितलं. लहान पोरासारखा रडला. मी म्हटलं, "फोड ती रेकॉर्ड!" तो म्हणाला, "अप्पांचा आवाज आहे रे त्यात."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी तो आत जातो. सुरुचीने सुतार बोलावून कडी काढून टाकली, तरी दार तेवढा वेळ उघडत नाही. आधी तीन मिनिटं. मग सात. मागच्या रविवारी पंचवीस. दारच काढा म्हटलं तर यतीन अंगावर येतो. दार नसलं की अप्पा बोलत नाहीत, म्हणतो.

उर्मिलाबाईंना शोधायला मी गिरगावात गेलो होतो. बिल्डिंगच्या जागी पत्रे लागलेत.

काल सुरुचीचा फोन आला. आवाज बसलेला.

"भावोजी, यतीन म्हणतो, अप्पा आता नवीन बोलायला लागलेत."

"काय बोलतात?"



"म्हणतात... सुरुचीक पण आत बोलव."

मी तिला सांगितलं, आत्ताच्या आत्ता माझ्याकडे निघून ये. ती म्हणाली, त्याला एकट्याला कसं टाकू?

आज रविवार आहे. पावणेतीन वाजून गेलेत. ती फोन उचलत नाहीये.