व्हॉल्व तापला की

त्या शनिवारी सकाळी ड्युटी संपवून निघताना मी रिकाम्या औषधाच्या बाटलीत चार बोटं स्पिरिट घेतलं आणि मूठभर कापूस पिशवीत टाकला. चोरलं नाही, कंपाउंडरला विचारून घेतलं. जयवंतने सांगितलं होतं, "वहिनी, रेडिओच्या व्हॉल्वचे पाय पुसायचे आहेत. येताना स्पिरिट आण." जयवंत माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन घाटकोपरला आले तेव्हा तो नाक पुसायला माझ्या पदराकडे यायचा. आता तिशी उलटली तरी मी त्याला तूच म्हणते आणि तोही मला तूच म्हणतो.

मी आया आहे. चौथीपर्यंत शिकले, पुढे आयुष्यभर घाण उपसली. बाळंतिणींचं रक्त, म्हाताऱ्यांची भांडी, ड्रेसिंगच्या बादल्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, बाईला किळस आली आणि भास झाला. किळस आली. भास झाला नाही.

हे यंदाचंच, चौऱ्याऐंशी सालचं. संपात गिरणी गेली आणि जयवंत गिटार घेऊन एका ऑर्केस्ट्रात शिरला. दुसऱ्याच्या अँप्लिफायरवर वाजवायचा. ऑर्केस्ट्राच्या मास्तरने त्याला बजावलं होतं, गणपतीच्या पाचव्या दिवसाचा कार्यक्रम मोठा आहे, स्वतःचा अँप्लिफायर आण, नाहीतर तुझ्या जागी दुसरा बसेल. विकत आणायची ऐपत नव्हती. मग याने कुठल्याशा मासिकातला वायरी जोडायचा नकाशा कॅलेंडरच्या पाठीमागे उतरवून घेतला आणि म्हणाला, "मी बनवतो. व्हॉल्वचा. त्याचा आवाज कसा गोड येतो बघ, एकदम झकास."

"आणि व्हॉल्व काय झाडाला लागतात?"

तो पोटमाळ्यावर चढला आणि सासूबाईंचा रेडिओ खाली घेऊन आला.

तो रेडिओ लाकडी पेटीचा, पुढे सोनेरी जाळीचं कापड. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा त्यांच्या उशाशी असायचा. त्यावर त्यांची मिश्रीची डबी, थुंकायचा वाडगा, कवळी. त्या ज्येष्ठात गेल्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. नवरा माझा, दशरथ, त्याने मागचंपुढचं सगळं कबूल केलं, गावच्या देवाला नारळ बोलला, तरी कावळे दुरूनच बघत बसले. शेवटी जयवंत म्हणाला, "आये, तुझा रेडिओ विकणार नाही, कुणाला देणार नाही. घरातच राहील." एवढं बोलला आणि कावळा खाली आला.

हे मला दशरथने घरी येऊन सांगितलं. मी घाटावर गेले नव्हते. ड्युटीचं कारण सांगितलं होतं.

"तिला शब्द दिलायस तू," मी जयवंतला म्हटलं.

"मग? विकतोय का मी? घरातच राहणार ना!" तो हसला आणि पेटीची मागची पट्टी काढली.

आठवडाभर घरात राळेचा धूर. एकच खोली आमची, असल्फ्याच्या टेकडीवरच्या चाळीत. रात्रपाळी करून मी दुपारी झोपायची आणि हा पायाशी बसून सोल्डर मारायचा. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्याने बैठक केली, वर रेडिओतले काचेचे, दिव्यासारखे तीन व्हॉल्व उभे केले. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, सोनेरी कापड, बाहेरचा लाकडी खोका, सगळं रेडिओचंच. बसायची जागाही त्याने नेमकी तीच धरली, जिथे सासूबाईंची खाट होती.

त्या शनिवारी मी त्याला स्पिरिट दिलं. त्याने कापसाचा बोळा बुडवला, एक व्हॉल्व उपटून त्याचे पाय पुसले, बोळा बाजूला टाकला. मी केर काढत होते, तो उचलला.

धूळ असती तर काळी असती. बोळा पिवळा झाला होता. मधे हिरवट, कडेला गुलाबी. आणि वास. वीस वर्षं मी ड्रेसिंगच्या ट्रेमधला कापूस उचललाय.

"जयवंत, हा पू आहे."

"काहीतरी काय बोलतेस! मेण वितळलं असेल ट्रान्सफॉर्मरचं."

मी तो मोरीत जाळला आणि हात तीनदा धुतले. भात कालवला तर बोटांना तोच वास. ताट तसंच सारून ठेवलं. मी, जी ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभी राहून वडापाव खाते, तिला भाताचा घास गिळेना.

संध्याकाळी त्याने पहिल्यांदा बटण लावलं. "थांब हां, ट्रान्झिस्टरसारखं लगेच नाही वाजत. व्हॉल्व तापायला हवा." काचेत नारिंगी ठिपका आला. हळूहळू मोठा झाला. आतून घरघर सुरू झाली.

"हम आहे, विजेची गुणगुण," तो म्हणाला. "अर्थिंग नीट नाही."

असेल. मला अर्थिंग कळत नाही. पण छातीत कफ भरला की माणसाचा श्वास कसा येतो ते कळतं. घरघर वर चढायची, अडकायची, आणि मग खाली यायची... आणि व्हॉल्व जसा तापला तसा वास सुटला. मिश्री. डेटॉल. मुतलेलं मेणकापड. आणि त्या सगळ्याखाली तो गोडसर सडका वास, बेडसोअरचा, पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमेचा, जो एकदा नाकात बसला की केसातून जात नाही.

जयवंतने नाकाला रुमाल लावला. "जुनी धूळ जळतेय. दोन दिवसांत जाईल."

मी त्याच्याकडे पाहिलं. आईच्या अंगाचा वास त्याला ओळखू आला नाही. कसा येणार? दोन वर्षांत तिच्या पाठीला माझ्याशिवाय हात कुणी लावला होता? मुलगे दारातून विचारायचे, "आये, बरा हा मां?" आणि कामाला जायचे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, स्पीकरच्या सोनेरी कापडावर ओला तपकिरी डाग होता. तळहाताएवढा. मी तो पुसला. तासाभराने परत आला, कडेला पिवळं वलय घेऊन. ही वलयं मी दोन वर्षं रोज चादरीवरून घासून काढली होती. मला शिसारी आली आणि शिसारीहून जास्त राग आला. मेलीस तरी माझ्याकडूनच धुवून घेणार का गं, असं मी तोंडाने बोलले. घरात कुणी नव्हतं.

प्लगसुद्धा लावलेला नव्हता. तरी खोक्याच्या आतून कुणीतरी घसा खाकरला.

दुपारी जयवंतने गॅलरीत स्टूल मांडलं, खोका वर ठेवला. म्हणाला, "आज चाळीसमोर वाजवतो. इथे वाजला की पाचव्या दिवशी वाजला."

"जयवंत, आज नको. हे भंगारात टाक, ऐक माझं. मी मास्तरांच्या पाया पडते हवं तर."

"वहिनी, माझं आहे काय दुसरं? गिरणी गेली. ही जागा गेली तर मी काय करू, दशरथदादासारखा शिट्टी घेऊन वॉचमनकी?"

खरं कारण सांगायला तोंड नव्हतं. मला भीती त्या डागाची नव्हती. त्या खोक्याला तोंड फुटलं तर ते काय बोलेल, ती भीती होती.

लोक जमले. शेजारची जानकी कठड्याला टेकून म्हणाली, "काय रे जयवंता, यातून गाणं येणार का नुसती वाफ?" सगळे हसले. त्याने बटण लावलं, अर्धं मिनिट थांबला, आणि तार छेडली.

खोटं बोलणार नाही, आवाज सुंदर होता. जाड, उबदार, साईसारखा. जयवंतच्या तोंडावर जे हसू आलं ते मी गिरणी बंद पडल्यापासून पाहिलं नव्हतं. दोन मिनिटं वाजवलं असेल त्याने. मग जानकीने पदर नाकाला लावला.

"मालन, उंदीर मेलाय काय गो तुमच्यात?"

एकेक जण मागे सरकू लागला. खालच्या मजल्यावर कुणीतरी ओकलं, तो आवाज मी ऐकला. जयवंत वाजवायचा थांबला. तारांवरून त्याने हात उचलला तर बोटं आणि तारा यांच्यामध्ये चिकट दोरे लोंबले. त्याने हात सदऱ्याला पुसला, परत पुसला.

गिटार गप्प होती. खोका गप्प नव्हता.

घरघर वर चढली. अडकली. आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं, मालवणच्या म्हातारीच्या फाटक्या आवाजात...

"मालन... माका कुशीर कर गो..."

जयवंतने प्लग ओढून काढला. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. "करंट राहतो आत थोडा वेळ," तो पुटपुटला. "कपॅसिटरमध्ये राहतो. होईल बंद. आता होईल."

काचेतले नारिंगी ठिपके तसेच जळत राहिले. एक मिनिट. पाच मिनिटं. वायर जमिनीवर मोकळी पडलेली.

"मालन... पाठ जळता गो... कुशीर कर..."

लोक पांगले. धावले नाहीत, पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे गेले. गॅलरीत आम्ही दोघंच.

मग मी पुढे झाले. शौर्य वगैरे काही नाही, वीस वर्षं हेच करणाऱ्या हातांना सवय असते. पेशंटला करतात तसा एक हात वरच्या बाजूने खाली घातला, एक खालच्या बाजूने, आणि खोका कुशीवर केला. तो उठताना आवाज आला. ओलं कातडं मेणकापडापासून सुटताना येतो तो. खोक्याच्या बुडाला पातळ, पांढुरकं काहीतरी चिकटून स्टुलापर्यंत ताणलं गेलं आणि तुटलं. स्टुलाची फळी ओली होती, मधे खड्डा. हात माझे कोपरापर्यंत बरबटले. मी तिथेच कठड्यावरून ओकले.

खोक्यातून सुस्कारा आला. ठिपके विझले.

जयवंतने विचारलं, "वहिनी... तिने तुझंच नाव का घेतलं?"

तेव्हा मी सांगितलं. जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. सासूबाई गेल्या त्या दुपारी मी लागोपाठ दुसरी रात्र जागून आले होते. सासूबाई हाक मारत होत्या, कुशीर कर, कुशीर कर. तासाभरापूर्वीच केलं होतं. माझे डोळे मिटत होते. मी उठले, रेडिओचं बटण पूर्ण फिरवलं, भजन लागलं होतं, आणि तोंडावर चादर घेऊन झोपले. पाचला उठले तेव्हा रेडिओ तसाच ओरडत होता. त्यांचं तोंड त्याच्याकडे होतं, उघडं. पाठ मेणकापडाला चिकटली होती.

"मी आवाज वाढवला, जयवंत. एवढंच केलं."

त्याने गिटार पिशवीत घातली आणि नाहूरला मित्राकडे गेला. पाचव्या दिवशी त्याच्या जागी दुसरा बसला, हे मला जानकीकडून कळलं. तो अजून घरी आलेला नाही.

दशरथने खोका भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं. भंगारवाल्याने उचलला, हुंगला, परत ठेवला. "रहने दो बाई," म्हणाला आणि तराजूही विसरून गेला. मग मला उमगलं, त्या दिवशी घाटावर कावळा का शिवला. आम्ही तिला शब्द दिला होता, घरातच राहील. रेडिओपुरता दिला होता. तिने तो स्वतःसाठी घेतला.

आता तो खाटेच्या जागी असतो, घडी घातलेल्या मऊ चादरीवर. दर दोन तासांनी मी त्याला कुशीवर करते. डावी, उजवी. आवाज नाही, वास नाही, डागही सुकला. रात्रपाळी सोडली मी. दोन महिने झाले, पाठ टेकून झोपलेली नाही, भिंतीशी बसूनच डुलकी काढते.

परवा मोरीत न्हाताना माकडहाडावर हात गेला आणि चुरचुरलं. मी जानकीला बोलावून दाखवलं. ती वाकून बघत राहिली. मग पदर नाकाला लावून म्हणाली, "मालन, हे अंथरुणाला खिळलेल्यांना होतं ना गो?"

रेडिओच्या बटणाएवढी गोल जखम, कडा काळी पडलेली. त्याच बाटलीत बोटभर स्पिरिट उरलं होतं. जानकीने कापूस बुडवून पुसलं आणि बोळा माझ्या हातावर ठेवला.

पू नव्हता त्यावर. काळी, कोरडी धूळ होती. तापलेल्या व्हॉल्ववरून पुसावी तशी हाताला गरम लागत होती.