आत मोकळं आहे

यातलं नावसुद्धा मी बदललेलं नाही.

ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो व्हर्लन टीग माझ्या बायकोचा मामा. वयानं बराच मोठा, पण लहानथोर सगळे त्याला नुसतं व्हर्लनच म्हणतात. आयुष्यभर गाड्यांची इंजिनं खोलणारा माणूस. भूतखेत म्हटलं की हसायचा.

आता हसत नाही.

गोष्ट उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरातली. लॉरेल गॅपचा ट्रॅक. एप्रिलमधला शनिवार, मोसमातली पहिली रेस. सूर्य अजून मावळला नव्हता. प्रेक्षकांचा स्टँड माणसांनी भरलेला होता.

म्हणजे अंधार नव्हता, एकांत नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो.

त्या दिवशीच्या रेसला डॉयल प्रूइटचं नाव दिलं होतं. डॉयल आदल्या शरद ऋतूत गेला. ह्याच ट्रॅकवर, तिसऱ्या वळणावर, मोसमाच्या शेवटच्या रेसमध्ये. सगळ्यांत पुढे होता. जिंकलाच होता म्हणायला हरकत नाही.

डॉयलला स्टॉक कारचं, म्हणजे गोल ट्रॅकवर सतत डावीकडे वळत पळणाऱ्या रेसच्या गाड्यांचं, वेड होतं असं म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. त्याच्या लग्नात केक कापून होताच नवरदेव कोटासकट गाडीखाली शिरला होता. बायको मर्ना तिथेच बसून त्याला पाने-पकडी देत होती. रविवारी चर्चमध्ये त्याच्या नखांत ग्रीस असायचं. ब्रदर एल्बर्ट, म्हणजे आमचे पास्टर, हात मिळवताना म्हणायचे, "डॉयल, स्वर्गात डावीकडेच वळत राहणार आहेस का?"

"तिकडे ट्रॅक कसा आहे त्यावर आहे, ब्रदर."

असा माणूस.

डॉयल, व्हर्लन आणि गार्लंड मॅबे. तिघं शाळेपासूनचे. पहिली गाडी तिघांनी मिळून बांधली, गार्लंडच्या बापाच्या तंबाखूच्या कोठारात. पुढे डॉयल गाडी चालवू लागला, व्हर्लन ती सांभाळू लागला आणि गार्लंड छतावर गेला.

छतावर म्हणजे स्टँडच्या छतावर. गाडीत ड्रायव्हरचं डोकं दोन्ही बाजूंनी जखडलेलं असतं. शेजारी कोण आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून वर एक माणूस उभा असतो, रेडिओ घेऊन. वळणावर ट्रॅक आतल्या बाजूला उतरता असतो, म्हणून आत जाणं म्हणजे खाली जाणं. आतल्या बाजूला गाडी असली की तो सांगतो, आत आहे. नसली की सांगतो, आत मोकळं. ड्रायव्हर बघत नाही. ऐकतो आणि वळतो.

गार्लंड म्हणजे डॉयलचे डोळे होते.

ज्या दिवशी डॉयल गेला, त्या दिवशी व्हर्लन तिथे नव्हता. त्याच्या मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, तो दुसऱ्या गावी हॉस्पिटलात होता. नात झाली. आणि त्याच संध्याकाळी गार्लंडचा फोन आला.

"गेला रे आपला डॉयल."

काय झालं ते गार्लंडनंच सगळ्यांना सांगितलं. रेडिओवर ते दोघंच होते. दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं.

"मी ओरडत होतो, आत गाडी आहे, आत गाडी आहे. ऐकलं नाही त्यानं. घुसला खाली. जिंकायची घाई झाली होती त्याला."

मागच्या गाडीचं नाक लागलं. डॉयलची गाडी फिरली आणि ड्रायव्हरच्या बाजूनं भिंतीवर गेली. तो जागीच गेला, असं सगळे म्हणाले.

हिवाळाभर गावात तेच ऐकू यायचं. चांगला होता बिचारा, पण ऐकायचा नाही कुणाचं.

गार्लंडनं मात्र त्या घरासाठी जे केलं, ते सख्ख्या भावानं केलं नसतं. मर्नाला लाकडं फोडून दिली. छताची गळती काढली. दर रविवारी चर्चमध्ये तिच्या बाजूला बसला.

व्हर्लननं दुसरं काम घेतलं. डॉयलची गाडी पुन्हा उभी करायची. पिवळी, जशी होती तशी. मर्नाची तेवढीच इच्छा होती, की मोसमाच्या पहिल्या दिवशी ती गाडी ट्रॅकवर फिरावी.

जुना रेडिओही त्यानं जागेवर बसवला. नुसता दिसायला. बोलायचं कुणाशी होतं? त्यात बॅटरी घातली नाही.

हे लक्षात ठेवा...

त्यात बॅटरी नव्हती.

तो शनिवार उजाडला. संध्याकाळी ब्रदर एल्बर्टनी प्रार्थना म्हटली. पुरुषांनी टोप्या काढल्या. लोक उभे राहिले. गाडी व्हर्लन चालवणार होता. अगदी सावकाश, थोडे फेरे, मागे कुणी नाही. ट्रॅक पूर्ण रिकामा.

त्यानं डॉयलचं हेल्मेट घातलं. सावकाशच फिरायचं म्हणून डोकं जखडून घेतलं नाही. रेडिओची कानातली बोंडं त्यातच होती. ती काढायचं त्याला सुचलं नाही.

पहिला फेरा नीट झाला.

स्टँडसमोरून जाताना त्याला रेस संपते त्या रेषेजवळ मर्ना दिसली. शेजारी गार्लंड, एक हात तिच्या खांद्यावर, दुसऱ्या हातानं टोपी छातीशी धरलेली. डोळे पुसत होता. व्हर्लनलाही भरून आलं.

दुसऱ्या फेऱ्यात, पहिल्या वळणावर...

कानात खरखर झाली.

त्याला वाटलं, हेल्मेटचं अस्तर घासलं असेल. त्यानं मान हलवली. खरखर थांबली.

मग पुन्हा.

आणि मग इंजिनाचा आवाज गेला.

गाडी चालू होती. काटा हलत होता. पायाखालचा पत्रा थरथरत होता. पण आवाज नव्हता. कापूस कोंबल्यासारखी शांतता.

त्या शांततेत कुणीतरी श्वास घेत होतं.

जोरजोरात. हेल्मेटमधला श्वास. व्हर्लननं स्वतःचा श्वास रोखून पाहिला.

तो श्वास चालूच राहिला.

"बाहेरचा मागे पडला." कानात आवाज आला. "छान. असाच चल."

गार्लंडचा आवाज.

व्हर्लननं वर पाहिलं. स्टँडच्या छतावर...

कुणीच नव्हतं.

गार्लंड खालीच होता. रेषेजवळ. मर्नाशेजारी. टोपी छातीशी. तोंड मिटलेलं.

"एकच धरून आहे आता. येईल मागून."

"येऊ दे." दुसरा आवाज हसला. "आज नाही सोडत."

हा आवाज व्हर्लननं पुरला होता. त्या पेटीला त्यानं खांदा दिला होता.

गाडी पाठीमागच्या सरळ पट्ट्यावर आली. समोर तिसरं वळण. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. पाय दाबला जाईना. म्हणजे पेडल जड झालं होतं असं नव्हे. पायच आपला राहिला नव्हता, असं तो सांगतो.

"आत मोकळं," गार्लंडचा आवाज म्हणाला. "ये खाली, राजा."

"नक्की ना? मला आतून आवाज येतोय रे."

"मोकळं म्हणतोय ना. माझ्यावर भरवसा नाय?"

क्षणभर नुसता श्वास.

"तुझ्यावर नाही तर कुणावर."

आणि मग...

तो आवाज व्हर्लन कुणाला सांगत नाही. विचारलं तर हात वर करून थांबवतो.

गाडी तिसऱ्या वळणातून सावकाश बाहेर पडली. तिला काही झालं नव्हतं. स्टँडमध्ये माणसं उभी होती तशीच उभी होती. कुणाला काही दिसलं नव्हतं, ऐकू आलं नव्हतं.

कानात मात्र अजून शांत नव्हतं. काहीतरी ठिबकत होतं. बऱ्याच वेळानं डॉयल बोलला. हळू, थकल्यासारखा.

"गार्लंड... मी बरा आहे. घाबरू नकोस तू."

थांबला.

"माझीच काहीतरी चूक झाली असेल."

त्यानंतर श्वास नव्हता.

आणि एकदम इंजिनाचा आवाज परत आला. इतका मोठा, की व्हर्लन दचकून ओरडला.

गाडी पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबवून दुरुस्त करतात तिथे, आल्यावर खिडकीतून (ह्या गाड्यांची दारं उघडत नाहीत) त्याला बाहेर काढायला पहिला हात पुढे आला तो गार्लंडचा.

"काय रे, भूत बघितल्यासारखा पांढरा पडलायस. ये, काहीतरी थंड घे."

व्हर्लननं तो हात धरला नाही. आपला आपण उतरला. रेडिओचं झाकण उघडून पाहिलं. कप्पा रिकामा होता. त्यानं ठेवला होता तसाच.

रेसच्या गाड्या ट्रॅकवर सुटल्या होत्या, कान फाटत होते. तो गार्लंडला टायरांच्या ढिगामागे घेऊन गेला.

"त्या दिवशी तू त्याला काय सांगितलंस?"

"आता हे काय नवीन? आत गाडी आहे म्हणालो. शंभर वेळा सांगून झालंय की."

"'ये खाली, राजा' म्हणालास."

गार्लंडच्या हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी होती. तोंडाकडे जाणारा हात मधेच राहिला.

"त्यानं विचारलं, नक्की ना. तू म्हणालास, माझ्यावर भरवसा नाय?"

"कुणी सांगितलं तुला?"

असं काही म्हणालोच नाही, असं तो बोलला नाही. कुणी सांगितलं, एवढंच विचारलं. व्हर्लन सांगतो, की तिथेच त्याची खात्री पटली. तोवर त्याला वाटत होतं, आपलं डोकं फिरलं असेल. फिरलेलं असतं तर बरं झालं असतं.

गार्लंड एका टायरवर बसला.

"शेवटचंही ऐकलंस?"

"ऐकलं."

त्यानं शेंगांची पिशवी जमिनीवर ठेवली.

"मलाही चालवायची होती रे गाडी. माझ्या बापाच्या कोठारात बांधली ना आपण? एक दिवस तो बसला आत, आणि मग कायमचाच बसला. मी वर. ऊन, पाऊस, मी वर. जिंकला की तुम्ही त्याला उचलून घ्यायचात, आणि मी अजून शिडीच उतरत असायचो."

"म्हणून?"

"म्हणून एकदा हरावा वाटलं. तेवढंच. घासेल, पत्रा वाकेल, शिव्या देईल. दर शनिवारी कुणीतरी घासतंच की, व्हर्लन. मरतं का कुणी?"

"तो मेला."

"माहितीये मला."

"आणि वर गावभर सांगितलंस, चूक त्याची होती."

गार्लंडनं मान वर केली. चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट समजूत घातल्यासारखा बोलला.

"तोच म्हणाला ना तसं. तू ऐकलंस की. मी त्याचंच सांगितलं लोकांना."

व्हर्लननं तोंड फिरवलं आणि चालू लागला. त्याच्यासारखा धिप्पाड माणूस, पण त्याचा हातही उठला नाही. एक मित्र त्यानं शरदात गमावला होता. दुसरा त्या टायरांमागे गेला. आणि दुसऱ्यासाठी कुणी भाकर-भाजी घेऊन घरी येत नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर तो मर्नाच्या घरी गेला. सगळं सांगितलं, शेवटपर्यंत. ती कढई घासत होती. हात पाण्यातच राहिले.

"माझी लाकडं फोडत होता," ती म्हणाली. "परसात उभा राहून. मी त्याला कॉर्नब्रेड करून घालत होते."

मग म्हणाली, "लेकाला मी काय सांगितलं, ठाऊक आहे? तुझा बाप ऐकायचा नाही कुणाचं, तू तसा होऊ नकोस."

रडली नाही. नळ बंद केला, हात पुसले आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"व्हर्लन, एक सांग. डॉयल तर गार्लंडला धीर देत गेला. शेवटपर्यंत त्याला कळलंच नाही काही."

"नाहीच कळलं."

"मग हे तुला ऐकवलं कुणी?"



शेरीफच्या माणसानं व्हर्लनचं सगळं नीट ऐकून घेतलं, कॉफी पाजली आणि घरी पाठवलं. बॅटरी नसलेल्या रेडिओवर ऐकलेलं कोण धरणार? गार्लंडनं गावात सांगितलं, दुःखानं व्हर्लनचं चित्त ठिकाणावर नाही, सांभाळून घ्या त्याला. लोकांना ते पटलं. काही जण व्हर्लनशी आता लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. मर्नानं चर्च बदललं, त्याचाही दोष व्हर्लनच्याच माथी आला.

गार्लंड पुन्हा छतावर आहे.

एका तरण्या पोरासाठी उभा असतो. पोरगा चांगला चालवतो. व्हर्लन त्याला भेटून आला, त्याला सगळं सांगितलं. पोरगा अदबीनं म्हणाला, "सर, गार्लंड अंकलसारखे डोळे साऱ्या डोंगरात कुणाचे नाहीत."

दर शनिवारी व्हर्लन ट्रॅकवर जातो. आत पाय टाकत नाही. तिसऱ्या वळणाच्या कुंपणाबाहेर ट्रक उभा करतो आणि काच खाली घेतो. एकदा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. पोरगा पुढे होता. मागून एक गाडी आतल्या बाजूनं सरकत होती.

व्हर्लननं माझं मनगट धरलं.

"ऐकलंस?"

मला इंजिनांखेरीज काही ऐकू आलं नाही. पोरगा वळणाच्या तोंडाशी जरासा खाली आला... आणि का कोण जाणे, एकदम वर गेला. आतली गाडी सुर्रकन निघून गेली. पोरगा हरला.

"काय ऐकलं?" मी विचारलं.

व्हर्लननं काच वर घेतली.

"गार्लंड म्हणाला, मोकळं," तो म्हणाला. "आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, नाही."

"डॉयल?"

त्यानं मान हलवली.

"डॉयलचा आवाज मला ओळखू येतो. हा त्याचा नव्हता."